डॉ. थॉमस ऑगस्टीन आर्न : एका कॅथलिक संगीतकाराचें चरित्र

ज्युबिलीसारख्या मंगल प्रसंगीं संतांचीं चरित्रें वाचावीं आणि त्यांपासून बोध घ्यावा, हा आपल्या ख्रिस्ती समाजाचा जुना प्रघात आहे. आज मात्र आम्ही वाचकांपुढें जें चरित्र मांडीत आहों तें संताचें नव्हे. तें एका संगीतकाराचें आहे, आणि तो संगीतकार जितका गुणी तितकाच सदोष होता. तरीपण तो पवित्र ख्रिस्तसभेचा पुत्र होता. व ज्या देशांत आणि ज्या काळांत तो जन्मला, तेथें कॅथलिक म्हणून जगणें मुळींच सोपें नव्हतें. आपल्या धर्मग्रामाचें गायनमंडळ दर रविवारीं ज्या मोकळेपणानें पवित्र मिस्साच्या वेळीं गातें, त्या मोकळेपणाचें मोल कळण्यास हें चरित्र उपयोगीं पडेल, अशी आमची समजूत आहे.

प्रथम त्या काळच्या इंग्लंडची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. सोळाव्या शतकांत इंग्लंडचें राज्य रोमपासून फुटून निघाल्यावर तेथें कॅथलिकांवर एकामागून एक कडक कायदे लादले गेले. १६७३ च्या कायद्यानें त्यांस सरकारी अधिकाराच्या जागा बंद झाल्या. १७०० सालापासून अमलांत आलेल्या दुसऱ्या एका कायद्याप्रमाणें मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूस जन्मठेपेची शिक्षा सांगितली होती, आणि अशा धर्मगुरूस पकडून देऊन त्याचा अपराध शाबीत करणारास शंभर पौंडांचें इनाम ठेविलें होतें. उघडपणें मिस्सा ऐकण्यास लंडन शहरांत कॅथलिकांना एकच आसरा होता, आणि तो म्हणजे परराष्ट्रांच्या कॅथलिक राजदूतांचीं प्रार्थनामंदिरें. सार्डिनियाच्या, पोर्तुगालच्या व बव्हेरियाच्या वकिलातींच्या ह्या मंदिरांस इंग्रजी कायद्याचा हात पोहोंचत नसे. तेथें लंडनचे कॅथलिक, गरीब व श्रीमंत, एकत्र गुडघे टेकीत.

अशा ह्या लंडनमध्यें, कॉव्हेंट गार्डन नांवाच्या वस्तींत, १२ मार्च १७१० रोजीं थॉमस आर्न यांचा जन्म झाला. वडिलांचा गाद्या, गिरद्या, पडदे व घरांच्या सजावटीचें सामान यांचा मोठा व्यापार होता. किंग स्ट्रीटवरील त्यांचें घर इतकें प्रशस्त होतें कीं त्याच वर्षीं अमेरिकेंतून राणी ॲनच्या भेटीस आलेल्या तेथील मूळच्या जमातींच्या चार सरदारांस उतरण्यास तेंच घर देण्यांत आलें होतें. आई कॅथलिक होती, व आईच्या धर्मांतच मुलें वाढलीं. ऑगस्टीन हें मधलें नांव थॉमस यांनीं पुढें स्वतः धारण केलें, आणि तेंच आज त्यांच्या नांवाशीं कायमचें जडलें आहे.

वडिलांची इच्छा मुलानें वकील व्हावें अशी होती. म्हणून त्यांनीं त्यास ईटनच्या सुप्रसिद्ध शाळेंत घातलें व पुढें तीन वर्षें एका वकिलाच्या हाताखालीं ठेविलें. पण मुलाचें मन कायद्याच्या कागदांत रमेना. त्यानें गुपचूप एक स्पिनेट, म्हणजे हार्पसिकॉर्डच्या जातीचें एक लहान वाद्य, आपल्या खोलींत आणून ठेविलें. आणि घरचीं माणसें झोंपलीं म्हणजे तारांवर हातरुमाल पसरून, आवाज दाबून, तो रात्रीच्या रात्री सराव करी. ऑपेरा ऐकण्यास पैसे नसत, तेव्हां तो नोकराचा पोशाख उसना आणी. कारण धन्याबरोबर आलेल्या नोकरांस नाटकगृहाच्या वरच्या सज्जांत फुकट बसूं देत. मायकेल फेस्टिंग नांवाच्या वादकाकडून तो व्हायोलिनही शिकला. एके दिवशीं वडील एका गृहस्थाकडे कामानिमित्त गेले असतां तेथें मैफल चालली होती, आणि वादकांचा मुख्य म्हणून व्हायोलिन घेऊन उभा होता तो त्यांचाच मुलगा! वडिलांचा संताप अनावर झाला. परंतु देवानें दिलेली देणगी बापाच्या धाकानें लोपत नाहीं हें त्यांस लवकरच उमगलें, व त्यांनीं मुलास संगीताची मोकळीक दिली.

घरांत वाद्य उघडपणें वाजूं लागतांच थॉमस यांस दिसून आलें कीं आपली धाकटी बहीण सुझॅना हिचा गळा फार गोड आहे. त्यांनीं तिला स्वतः शिकविलें. १७३३ सालीं थॉमस यांनीं ॲडिसनच्या ‘रोझमंड’ ह्या नाट्यकाव्यास संगीत दिलें, त्यांतली मुख्य भूमिका ह्याच बहिणीनें गाइली. पुढें ती मिसेस सिबर ह्या नांवानें इंग्लंडभर गाजली. हँडेल यांचा ‘मसाया’ हा जगप्रसिद्ध गीतप्रबंध १३ एप्रिल १७४२ रोजीं डब्लिन शहरांत प्रथम गाइला गेला, तेव्हां प्रभूच्या दुःखसहनाचें गीत गाण्याचा मान ह्या कॅथलिक बाईस मिळाला होता.

हँडेल यांचें नांव निघालें म्हणून येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. जर्मनींत जन्मलेले हे थोर संगीतकार लंडनमध्यें प्रथम आले तें आर्न यांच्या जन्माच्याच वर्षीं. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षें लंडनच्या संगीतावर त्यांची छाया पडली होती. वटवृक्षाखालीं दुसरें झाड वाढत नाहीं असें आपण म्हणतों. आर्न मात्र त्या छायेंत वाढले. हँडेलसारखी भव्यता त्यांच्यापाशीं नव्हती. परंतु इंग्रजी भाषेच्या शब्दांस शोभेल अशी साधी, सरळ व मधुर चाल लावण्यांत त्यांचा हात धरणारा त्या काळीं कोणी नव्हता. १७३८ सालीं मिल्टनच्या ‘कोमस’ ह्या काव्यावरून रचलेल्या नाटकास त्यांनीं दिलेलें संगीत ऐकून लंडन शहर डोलूं लागलें, आणि शेक्सपियरच्या नाटकांतील गीतांस त्यांनीं लाविलेल्या चाली इंग्लंडांत आजही गाइल्या जातात.

१ ऑगस्ट १७४० रोजीं युवराज फ्रेडरिक यांच्या क्लाइव्हडेन येथील वाड्यांत ‘आल्फ्रेड’ नांवाचा खेळ झाला. त्याच्या शेवटीं आर्न यांनीं एक वीरगीत घातलें होतें. तेंच तें ‘रूल, ब्रिटानिया’. ब्रिटिश आरमाराचें व साम्राज्याचें तें जणुं निशाणच होऊन बसलें. पांच वर्षांनीं, १७४५ सालीं, जुन्या कॅथलिक राजघराण्याचा वारस चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट स्कॉटलंडमध्यें उतरला व त्यानें राजाच्या सैन्याचा मोड केला. लंडनमध्यें भीतीचें वातावरण पसरलें. त्या दिवसांत, २८ सप्टेंबर रोजीं, ड्रुरी लेन नाटकगृहांत खेळ संपल्यावर ‘गॉड सेव्ह द किंग’ हें गीत मोठ्या समारंभानें गाण्यांत आलें. त्याची मांडणी आर्न यांनींच केली होती, आणि गाणारांत त्यांची बहीणही होती. हेंच गीत पुढें ब्रिटिश राष्ट्रगीत झालें आणि १९४७ पर्यंत आपल्या देशांतील शाळांतूनही मुलें तें म्हणत असत.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. ज्या राज्याचा जयजयकार आर्न यांनीं स्वरबद्ध केला, त्या राज्यांत त्यांच्या धर्माच्या माणसास अधिकाराची एकही जागा मोकळी नव्हती, आणि त्यांच्या धर्मगुरूंच्या डोक्यावर कायद्याची तलवार टांगलेली होती. राजदरबारच्या संगीतांतील मानाच्या जागा त्यांच्याहून लहान योग्यतेच्या माणसांस मिळाल्या. त्यांना आपली भाकर नाटकगृहें व व्हॉक्सहॉलसारखीं करमणुकीचीं उद्यानें यांतूनच मिळवावी लागली. तरी आपल्या देशावरचें त्यांचें प्रेम कडवट झालें नाहीं. कॅथलिक माणूस स्वदेशाशीं एकनिष्ठ असूं शकत नाहीं हा आरोप इंग्लंडांत त्या वेळीं सर्रास होत असे. त्या आरोपास आर्न यांनीं निबंध लिहून उत्तर दिलें नाहीं. पण त्यांचीं गीतें सर्व देश गात होता, आणि तें उत्तर कोणास खोडतां आलें नाहीं.

आतां त्यांच्या हार्पसिकॉर्डच्या संगीताकडे वळूं. हें वाद्य आपल्याकडे फारसें कोणी पाहिलेलें नसेल. बाहेरून तें मोठ्या पियानोसारखें दिसतें. पण पियानोंत तारेवर हातोडी पडते, तर ह्या वाद्यांत पट्टी दाबली म्हणजे आंतील एक लांकडी काडी वर उचलली जाते व तिच्यांत बसविलेला पिसाच्या दांडीचा बारीक तुकडा तारेस छेडून जातो. सतारीची तार नखीनें छेडावी, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळें स्वर स्वच्छ व टणटणीत निघतो. परंतु बोट जोरानें आपटलें म्हणून तो मोठा होत नाहीं, कीं हलकें ठेविलें म्हणून लहान होत नाहीं. लंडनमध्यें त्या काळीं शुडी व कर्कमन हे दोन परदेशांतून येऊन स्थायिक झालेले कारागीर ह्या वाद्यांकरितां नांवाजलेले होते. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत तें वाद्य असावयाचेंच, आणि घरच्या मुलींनीं तें शिकावें अशी रीति होती.

१७५६ सालीं आर्न यांच्या हार्पसिकॉर्डच्या आठ सोनाटा लंडनचे प्रकाशक जॉन वॉल्श यांनीं छापल्या. हा ग्रंथ इंग्रज माणसानें ह्या वाद्यासाठीं त्या शतकांत केलेल्या उत्तम रचनांपैकीं एक गणला जातो. त्यांत हँडेलचें वजन आहे, इटलीच्या स्कार्लाटीचा चपळपणाही आहे, आणि ह्या दोहोंहून निराळा असा आर्न यांचा स्वतःचा गोडवा आहे. हार्पसिकॉर्डवर स्वर लांबवितां येत नाहीं. म्हणून संथ चालींत ते स्वरांभोंवतीं लहान लहान अलंकार गुंफतात, आणि वाद्य गात आहे असा भास होतो. कांहीं सोनाटांच्या आरंभीं त्यांनीं एक प्रस्तावनेचा भाग घातला आहे, आणि त्याविषयीं अशी सूचना करून ठेविली आहे कीं येथें वादकानें तालाच्या काटेकोर बंधनांत राहण्याचें कारण नाहीं. बोटें मोकळीं करावीं, तसा तो वाजवावा. आपले गवई ताल सुरू होण्यापूर्वीं आलाप घेतात, त्याची येथें आठवण होते. ह्याशिवाय त्यांनीं ऑर्गन अथवा हार्पसिकॉर्ड आणि वाद्यवृंद यांसाठीं रचलेले सहा कॉन्चेर्टो त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

आतांपर्यंत आम्हीं त्यांच्या गुणांविषयीं लिहिलें. परंतु सत्य झांकून ठेवणें हें चरित्रलेखकास शोभत नाहीं, धर्मगुरूस तर नाहींच नाहीं. १७३७ सालीं आर्न यांनीं सिसिलिया यंग हिच्याशीं विवाह केला होता. ती हँडेलच्या ऑपेरांत गाइलेली नामांकित गायिका होती, व पंथानें प्रॉटेस्टंट होती. पहिलीं कांहीं वर्षें पतीचीं गाणीं तिच्याच कंठानें लोकप्रिय केलीं. पण पुढें तिची प्रकृति ढांसळली, आवाज थकला. १७५५ सालीं तीं दोघें डब्लिनला गेलीं. बरोबर आर्न यांची तरुण शिष्या शार्लट ब्रेंट होती. दुसऱ्या वर्षीं आर्न लंडनला परतले ते ह्या शिष्येसह. आजारी पत्नीस त्यांनीं आयर्लंडांतच टाकून दिलें. तिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असें ते लोकांस सांगत. पोटगी म्हणून कबूल केलेली रक्कमही ते वेळेवर देत नसत. ज्या वर्षीं त्या आठ मधुर सोनाटा छापून निघाल्या, त्याच वर्षाची ही गोष्ट आहे. हातांत स्वर्गीय सूर असतां घरांत एवढा बेसूर असूं शकतो, हें पाहून मन खिन्न होतें. विवाह हा पवित्र संस्कार आहे; कला कितीही थोर असली तरी ती त्याची मोडतोड भरून काढीत नाहीं. धर्माचरणांतही ते ह्या काळांत शिथिल झाले होते.

जगाच्या दृष्टीनें मात्र हीच वर्षें त्यांच्या भरभराटीचीं होतीं. १७५९ सालीं ऑक्सफर्ड विश्वविद्यालयानें त्यांस संगीताचे डॉक्टर ही पदवी दिली. २ फेब्रुवारी १७६२ रोजीं त्यांचा ‘आर्टाझर्क्सिझ’ हा ऑपेरा रंगभूमीवर आला. तोंवर गंभीर ऑपेरा इटालियन भाषेंतच व्हावयाचा अशी समजूत होती. इटालियन पद्धतीचा संपूर्ण ऑपेरा इंग्रजींत होऊं शकतो, हें आर्न यांनीं दाखवून दिलें, व तो खेळ पुढें कित्येक दशकें चालला. ‘ज्यूडिथ’ हा त्यांचा बायबलाधारित गीतप्रबंध १७७३ सालीं कॉव्हेंट गार्डनमध्यें झाला, त्या वेळीं समूहगानांत त्यांनीं स्त्रियांस उभें केलें. अशा धार्मिक प्रबंधांच्या समूहगानांत वरचे स्वर तोंवर मुलगेच गात असत. आज आपल्या देवळाच्या माडीवर बायका व मुली निःसंकोचपणें गातात, तेव्हां हा बदल केवढा होता याची कल्पना आपणांस येणार नाहीं.

नाटकगृहांच्या ह्या गजबजाटांत वकिलातींच्या त्या लहानशा प्रार्थनामंदिरांचा त्यांस अगदींच विसर पडला होता असें नाहीं. लिंकन्स इन फील्ड्स येथील सार्डिनियाच्या वकिलातीच्या मंदिरासाठीं त्यांनीं दोन मिस्सांस संगीत दिलें, व मृतांच्या विधीकरितां ‘लिबेरा मे’ ह्या प्रार्थनेसही चाल लाविली. ह्या कामांत कीर्ति नव्हती. वर्तमानपत्रांत नांव छापून येणें नव्हतें. ह्याच मंदिरांच्या परंपरेंत पुढें सॅम्युअल वेब हे कॅथलिक संगीतकार झाले. नाताळांत आपण सर्व आवडीनें गातों तें ‘आदेस्ते फिदेलिस’ हें गीत पोर्तुगीज वकिलातीच्या मंदिरांतून लंडनभर पसरलें, म्हणून तिकडे त्यास बराच काळ पोर्तुगीज गीत असेंच म्हणत.

अखेरचा काळ जवळ आला. शार्लट ब्रेंट हिनें १७६६ सालीं दुसऱ्याशीं लग्न केलें होतें. त्याच वर्षीं बहीण सुझॅना वारली. पैसा हातीं टिकला नाहीं. तेव्हां १७७७ च्या ऑक्टोबरांत, वीसांहून अधिक वर्षांनंतर, आर्न यांनीं आपल्या पत्नीशीं समेट केला. सिसिलियानें त्यांस परत स्वीकारलें. आमच्या मतें ह्या सर्व चरित्रांत तिच्या ह्या क्षमेहून मोठें असें कांहीं नाहीं. पांच महिन्यांनीं, ५ मार्च १७७८ रोजीं, आर्न यांनीं इहलोक सोडला. बाळपणीं मिळालेली धर्माची शिकवण मरणशय्येवर पुन्हा जागी झाली, त्यांनीं धर्मगुरूस बोलावून घेतलें, आणि प्राण जाण्याच्या कांहीं वेळ अगोदर ते आलेलुया गाइले, असें परंपरेनें सांगतात. कॅथलिकांस स्वतःचें स्मशान नव्हतें, म्हणून त्यांचा देह कॉव्हेंट गार्डन येथील सेंट पॉलच्या अँग्लिकन देवळाच्या आवारांत पुरण्यांत आला.

त्याच १७७८ सालीं, ते गेल्यानंतर थोड्याच महिन्यांत, पार्लमेंटानें कॅथलिकांवरील कांहीं जाचक कायदे सैल केले. त्याचा राग येऊन दोन वर्षांनीं लंडनमध्यें भयंकर दंगा उसळला, व २ जून १७८० च्या रात्रीं जमावानें सार्डिनियाच्या वकिलातीच्या त्याच मंदिरांत घुसून त्याची होळी केली. जेथें आर्न यांच्या मिस्साचे सूर उमटत होते तेथें राख उरली. पण ख्रिस्तसभेचें काम राखेनें थांबत नाहीं. मंदिर पुन्हा उभें राहिलें. १७९१ सालीं कॅथलिकांस उपासनेची कायदेशीर मोकळीक मिळाली, १८२९ सालीं नागरिकत्वाचे बहुतेक हक्क मिळाले. पुढें रस्ता रुंद करण्यासाठीं तें जुनें मंदिर पाडावें लागलें, तेव्हां त्याची जागा १९०९ सालीं जवळच बांधलेल्या देवळानें घेतली. त्याचे आश्रयदाते संत आहेत संत अँसेल्म आणि संत सिसिलिया. संत सिसिलिया ही संगीताची आश्रयदाती, आणि आर्न यांना क्षमा करणाऱ्या पत्नीचें नांवही तेंच!

हार्पसिकॉर्डचीही कथा कांहींशी अशीच आहे. १८०० च्या सुमारास पियानोनें त्यास मागें सारलें, आणि जवळजवळ शंभर वर्षें तें मुकें झालें. मग जुनें संगीत जुन्याच वाद्यांवर ऐकावें अशी ओढ लोकांस लागली, तशीं हीं वाद्यें पुन्हा बनूं लागलीं, आणि आर्न यांच्या त्या आठ सोनाटा पुन्हा ऐकूं येऊं लागल्या.

प्रिय धर्मग्रामस्थहो, ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावें? आपल्या गायनमंडळांतील तरुणांस आम्ही एवढेंच सांगूं कीं गळा ही देवाची देणगी आहे. ती लपवूं नये, आणि तिच्या जोरावर घरच्या माणसांचा अवमानही करूं नये. ज्यांचा संसार विसकटला आहे त्यांस आम्ही सांगूं कीं वीस वर्षांनंतरही दार ठोठावतां येतें, आणि दार उघडणारें माणूस आंत असूं शकतें. आणि आम्हां सर्वांस हें लक्षांत असावें कीं आपल्या देवळाची घंटा आज सर्व गांवाला ऐकूं जाते, पण आपल्याच श्रद्धेचीं माणसें एके काळीं परक्या राजाच्या भिंतीआड हळूं आवाजांत गात होतीं. ह्या ज्युबिलीच्या कृतज्ञतेच्या मिस्सांत आपल्या मृत बंधुभगिनींबरोबर थॉमस ऑगस्टीन व सिसिलिया यांचीही आठवण करावी, ही आमची विनंती. प्रभु त्यांच्या आत्म्यांस चिरशांति देवो.